पुरस्कार देण्याआधी बाद अर्जांची वही मागा

प्रश्न असा आला आहे: “आमच्या शिक्षणसंस्थेने यंदापासून दोन पुरस्कार सुरू केले आहेत. एक उच्च शिक्षणाच्या धोरणावरील उत्तम संशोधनासाठी, दुसरा धोरणाच्या उत्तम अंमलबजावणीसाठी. पहिल्याच वर्षी ४३ अर्ज आले. निवड समितीत मी सर्वांत नवखी. दोन्ही कामे एकाच मापाने मोजायची का? मोजायचे नेमके काय? आणि सध्या पदावर असलेल्या अधिकाऱ्याला पुरस्कार द्यावा का?”

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते शेवटी. आधी माझी एक फजिती सांगतो, कारण या विषयातले मला जे काही कळले त्याची सुरुवात तिथून झाली.

मी एकतीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. शेवटची काही वर्षे विद्यार्थी विकासाचे काम पाहिले आणि त्या निमित्ताने अशा समित्यांवर बसलो. एका वर्षी आमच्याकडे एका महाविद्यालयाचे बाड आले. स्पायरल बाइंडिंग, रंगीत फोटो, आलेख. योजना अशी की प्रत्येक प्राध्यापकाने वीस विद्यार्थी ‘दत्तक’ घ्यायचे, पोर दिसेनासे झाले की घरी फोन लावायचा, गळती थांबवायची. प्रत्येक भेटीची नोंद, खाली सही. आम्ही एकमताने पुरस्कार दिला. पुढच्या वर्षी परीक्षेच्या भरारी पथकातून त्याच गावी जाणे झाले. कँटीनमध्ये चहा घेताना शेजारच्या मुलांना सहज विचारले, तुमचे पालक-शिक्षक कोण? ती एकमेकांकडे बघून हसायला लागली. एकाला नाव माहीत होते, कारण महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’ची समिती येण्याच्या आदल्या दिवशी त्या सरांनी सगळ्यांच्या सह्या एका बैठकीत उरकून घेतल्या होत्या.

ते बाड नीट वाचले असते तर हे आधीच कळले असते. ‘काय केले’ हे त्यात खच्चून भरले होते. ‘त्याने काय झाले’ याबद्दल एक ओळ नव्हती. पहिल्या वर्षानंतर किती जण कॉलेज सोडत होते, योजनेनंतर किती सोडतात, हा साधा आकडा त्यांनी दिला नव्हता आणि आम्ही मागितला नव्हता. चूक त्यांची होतीच, पण पुरस्कारावर सह्या आमच्या होत्या.

तेव्हापासून माझ्याजवळ एकच माप आहे, आणि ते दोन्ही पुरस्कारांना चालते. कोणाचे काय बदलले, आणि ते या कामामुळेच बदलले हे कशावरून? अंमलबजावणीवाले पहिल्या अर्ध्यावर भर देतात आणि दुसरा गिळून टाकतात. संशोधनवाले दुसऱ्या अर्ध्यात रमतात आणि पहिला विसरतात. दोन्ही अर्धे असलेले काम क्वचितच सापडते. असे एक काम जरा विस्ताराने सांगतो, म्हणजे उत्तम कशाला म्हणायचे याचा अंदाज येईल.

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाची कम्युनिटी कॉलेजे आहेत. तिथे दोन वर्षांच्या पदवीला येणारी बहुतेक मुले गरीब घरची. प्रवेश मिळतो, पण पदवी हाती लागत नाही. २००७ मध्ये विद्यापीठाने ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात क्रांतिकारक काही नव्हते. मुलाने पूर्णवेळ शिकायचे. आर्थिक मदतीनंतर फीची जी रक्कम उरते ती माफ. पाठ्यपुस्तके मोफत. मेट्रोचा पास मोफत, म्हणजे आपल्याकडचा एसटीचा पास समजा. आणि ठरलेला एक सल्लागार, ज्याच्याकडे ६० ते ८० विद्यार्थी. एरवी त्याच कॉलेजांत एका सल्लागारामागे ६०० ते १५०० विद्यार्थी असत.

आता दुसरा अर्धा भाग बघा. विद्यापीठाने स्वतःच आपली पाठ थोपटून घेतली नाही. एमडीआरसी या बाहेरच्या संशोधन संस्थेला बोलावले. तिने सुमारे ९०० पात्र विद्यार्थ्यांतून चिठ्ठी काढावी तसे दोन गट पाडले. एका गटाला कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीच्याच सोयी. दोन्ही गटांतली मुले सारखीच होती, त्यामुळे ‘जी मुले आली ती मुळातच हुशार होती’ ही पळवाट बंद झाली. तीन वर्षांनी कार्यक्रमातल्या ४० टक्के विद्यार्थ्यांकडे पदवी होती, दुसऱ्या गटातल्या २२ टक्क्यांकडे. विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सुमारे १६,३०० डॉलर जादा लागले, हेही अहवालात स्पष्ट लिहिले, आणि पदव्या इतक्या वाढल्या की दर पदवीमागचा खर्च उलट कमी झाला, हेही दाखवले. मग ओहायोमधल्या तीन कॉलेजांनी तोच कार्यक्रम आपल्याकडे बसवला. तिथेही तीन वर्षांनी ३५ टक्के विरुद्ध १९ टक्के.

मला यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. एका जागी एका उत्साही माणसाच्या जोरावर काहीही चालते. ते दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसांच्या हाती चालले तर ती पद्धत. तुमच्या ४३ अर्जांतल्या किती कामांची दुसरीकडे नक्कल झाली आहे ते बघा. बहुधा एकाचीही नसेल, त्याने खचू नका. पण ज्याने निदान आपले काम दुसऱ्याला करता येईल इतके तपशिलात लिहून ठेवले आहे, त्याला वर काढा.

याची दुसरी बाजूही अमेरिकेतलीच आहे आणि आपल्या फार कामाची आहे. तिथे उच्च शिक्षणाच्या आर्थिक मदतीसाठी एक किचकट अर्ज भरावा लागतो. एरिक बेटिंगर, ब्रिजेट टेरी लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात एक प्रयोग केला. आयकर विवरण भरून देणाऱ्या दुकानांत गरीब कुटुंबे येतात. तिथल्या काहींना त्याच टेबलावर, त्याच माहितीतून, मदतीचा अर्जही भरून दिला. काहींना फक्त सांगितले की तुम्हाला इतकी मदत मिळू शकते. अर्ज भरून दिलेल्या घरांतल्या बारावीच्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षे पुरी करणारी ३६ टक्के निघाली, इतरांत २८ टक्के. ज्यांना फक्त माहिती दिली, त्यांच्यात काही फरक पडला नाही.

मग धोरणकर्त्यांना स्वस्त मोह पडला. टेबलावर बसवून अर्ज भरून देणे खर्चाचे, मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवणे फुकटात. छोट्या प्रयोगांत असे संदेश चाललेही होते. पुढे ८ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. निकाल: प्रवेशावरही परिणाम नाही, मदत मिळण्यावरही नाही. हा ‘काहीच झाले नाही’ असा निकाल संशोधकांनी लपवला नाही, ठळकपणे छापला. माझ्या मते तो पुरस्काराच्या तोडीचा निकाल आहे. आपल्याकडे असा निकाल घेऊन कोणी अर्ज करणार नाही. कारण जाहिरातीतच आपण ‘यशोगाथा’ मागवतो.

आता हे महाराष्ट्रात आणू. शिष्यवृत्तीचे अर्ज आपल्याकडे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरतात. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधारशी जोडलेले बँक खाते, कॉलेजच्या लॉगिनवरची स्क्रुटिनी, त्रुटी निघाली की अर्ज परत. पोराने शेतातून येऊन मोबाइल बघेपर्यंत मुदत संपलेली असते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. निर्णय चांगला आहे. पण ‘शासन निर्णय निघाला’ आणि ‘मुलीकडून फी घेतली नाही’ या दोन वाक्यांमध्ये कॉलेजची खिडकी असते. तिथे ‘आधी भरा, पैसे आले की परत देऊ’ म्हणाले, की ज्या घरात भरायला पैसे नाहीत त्या घरापुरती ती सवलत कागदावरच राहिली. या फटीत कोण काय काम करतो, हे तुम्हाला शोधायचे आहे.

माझ्या पाहण्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर एक बाई होत्या, वरिष्ठ लिपिक. त्यांनी २०० पानी वहीत बाद झालेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लिहून ठेवले होते. वर्षभराने त्यांनी कारणे मोजली. निम्म्याहून अधिक अर्ज दोन-तीन ठरावीक कारणांनीच अडत होते. नावाचे स्पेलिंग दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे. खाते आधारशी न जोडलेले. मागच्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला चालवलेला. मग त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून प्रवेशाच्या दिवशीच, फी भरण्याच्या रांगेशेजारी, एक टेबल मांडले आणि तिथेच कागद तपासायला सुरुवात केली. बँकेचा माणूस आठवड्यातून एक दिवस यायचा. पुढच्या वर्षीच्या वहीत बादची पाने कमी भरली.

बेटिंगर आणि लाँग यांच्या प्रयोगाशी हे ताडून बघा. अर्थ एकच आहे: माहिती देऊन भागत नाही, टेबलावर शेजारी बसावे लागते. एकीकडे नामांकित नियतकालिकातला निबंध, दुसरीकडे २०० पानी वही. वहीत तुलनेचा गट नाही, त्या वर्षी पोर्टलही सुधारले असेल, म्हणजे पुरावा म्हणून ती कच्ची आहे. पण ‘काय बदलले’ हे त्या बाई आकड्यात सांगू शकत होत्या. माझ्या फजितीतले रंगीत बाड ते सांगू शकत नव्हते. अंमलबजावणीच्या अर्जदारांकडून अशी वही मागा. यशाची नको, बाद झालेल्यांची. जो आपल्या योजनेतून कोण सुटले हे मोजतो, तो योजना खरोखर चालवत असतो.

संशोधनाकडे वळतो. इथे पहिला सापळा पॉइंटचा. गेली पंधरा-सोळा वर्षे आपल्या प्राध्यापकाची बढती पॉइंटवर अडकली, आणि पॉइंटसाठी पेपर छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आणली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती गुंडाळण्याचे जाहीर केले. मधल्या मध्ये ‘उच्च शिक्षण: समस्या आणि उपाय’ या मथळ्याचे किती पेपर निघाले असतील देव जाणे. अर्जात ५२ पेपरांची यादी असेल तर ती बाजूला ठेवा. अर्जदाराला सांगा, तुमचा एकच पेपर निवडून पाठवा. तो समितीतल्या दोघांनी शेवटपर्यंत वाचायचा. वाचताना एक गोष्ट शोधायची: काय आढळले असते तर लेखकाने आपले मत बदलले असते? ‘शासनाने लक्ष द्यावे’ असा शेवट असलेल्या पेपरात याचे उत्तर सापडत नाही, कारण तो पेपर लिहिण्याआधीच शेवट ठरलेला असतो.

दुसरा सापळा परिणामाच्या गोष्टींचा. ब्रिटनमध्ये २०१४ च्या संशोधन मूल्यमापनात विद्यापीठांकडून प्रथमच ‘तुमच्या संशोधनाने समाजात काय बदलले’ याची प्रकरणे मागवली. ६,९७५ प्रकरणे आली. एकूण गुणांत त्यांचे वजन २० टक्के होते, २०२१ मध्ये ते २५ झाले. कल्पना उत्तम, आणि त्यातून खरोखर चांगली कामे उजेडात आली. पण गुण आणि पैसा जडला की गोष्ट रंगवून सांगण्याची कला वाढते, आणि ज्याचा परिणाम पटकन दिसत नाही ते मूलभूत काम मागे पडते. त्यामुळे अर्जदाराच्या ‘माझ्या शिफारशीमुळे धोरण बदलले’ या वाक्यावर विसंबू नका. ज्याने धोरण बदलले त्याला फोन करा. आमच्या वेळी अशा दोन फोनांत एक अर्जदार उघडा पडला होता. समोरच्या सचिवालयातल्या माणसाला त्याचे नावही ठाऊक नव्हते.

एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतल्या क्रमांकावरून संस्थेचा अर्ज वर-खाली करण्याचा मोहही आवरा. त्या क्रमवारीत विद्यापीठांसाठी संशोधनाला ३० गुण, समावेशकतेच्या रकान्याला १०, लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. आकडे मुख्यतः संस्थांनीच भरलेले. तुम्ही शोधताय ते काम त्या रकान्यांत मावत नाही.

मग चांगले धोरण-संशोधन दिसते कसे? मला पटलेली दोन उदाहरणे देतो, दोन्ही आपल्या देशातली.

पहिले, आयआयटी-एनआयटी प्रवेशाचे. २०१५ च्या आधी आयआयटीची प्रवेशफेरी वेगळी, एनआयटीची वेगळी. एकच मुलगा दोन्हीकडे जागा अडवून बसायचा, नंतर एक सोडायचा, आणि ती जागा सत्र सुरू झाल्यावर रिकामी राहायची. आयआयटीतल्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी, त्यात मुंबईचे शरत चंद्रनही होते, कानपूरच्या आणि परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर जागावाटपाची एकत्र पद्धत बसवली. विद्यार्थ्याने एकच पसंतीक्रम द्यायचा, संगणकाने सगळ्यांचा एकत्र मेळ घालायचा. ऐकायला सोपे. खरी कसोटी आरक्षणाच्या नियमांची होती. कोणत्या प्रवर्गातली न भरलेली जागा कोणाला, किती फेऱ्यांनी, कोणावर अन्याय न होता. त्यांनी नियमाला हात न लावता गणित त्याच्याभोवती बसवले, पद्धत प्रत्यक्ष चालवली, रिक्त जागा लक्षणीयरीत्या कमी करून दाखवल्या आणि मग हे सगळे इतरांनी तपासावे म्हणून शोधनिबंधात मांडले. २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या जागांवर जादा, जागा आल्या, त्याही याच यंत्रणेतून वाटल्या गेल्या. आयआयटीत मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते, ते दोन-तीन वर्षांत २० टक्क्यांवर आले. हा पुरस्कार संशोधनाचा की अंमलबजावणीचा? तुमच्या समितीला असा अर्ज आला तर भांडत बसू नका, दोन्ही द्या.

दुसरे उदाहरण आरक्षणाचे. चहाच्या टपरीपासून न्यायालयापर्यंत एक वाद कायम चालतो: कमी गुणांवर प्रवेश दिला तर त्या मुलांचेच नुकसान होते, अभ्यास झेपत नाही. सुरेंद्रकुमार बागडे, डेनिस एपल आणि लोवेल टेलर या तिघांनी दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या नोंदी घेऊन हे तपासले. त्यांचा निबंध २०१६ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत आला. आरक्षणामुळे त्या गटांतली अधिक मुले कॉलेजात, विशेषतः चांगल्या कॉलेजात पोचली, आणि ‘त्यांचे नुकसान होते’ याचा पुरावा सापडला नाही. बागडे हे महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी. प्रशासनातला माणूस सुटी काढून पीएचडी करतो आणि ज्या प्रश्नावर सगळे घसा फोडतात त्यावर शांतपणे नोंदी मोजतो, हे मला फार आवडले.

उलट बाजूचे, म्हणजे लोकप्रिय योजनेला ‘हे चालत नाही’ म्हणणारे संशोधनही शोधा. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७९ मध्ये कॉलेजांचे अनुदान निकालाशी जोडायला सुरुवात केली आणि पुढे अनेक राज्यांनी ती वाट धरली. राजकारण्यांना कल्पना प्रिय, कारण ‘काम दाखवा, पैसे घ्या’ हे भाषणात छान वाजते. निकोलस हिलमन आणि सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांचे आकडे तपासले. दोन वर्षांच्या पदव्या फारशा वाढल्या नाहीत, वाढली ती अल्पमुदतीची प्रमाणपत्रे. कॉलेजांनी सोपा मार्ग काढला. आपल्याकडे अनुदान श्रेणीशी, श्रेणी कागदाशी जोडण्याचे बेत अधूनमधून निघतात. त्या वेळी असे संशोधन करणारा प्राध्यापक शासकीय समितीवर नेमला जात नाही. तुमची संस्था त्याला बोलावू शकते.

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला जोतीराव फुल्यांनी दिलेले निवेदन प्राथमिक शिक्षणासाठी ओळखले जाते, ते योग्यच. पण त्यातले वरच्या शिक्षणावरचे परिच्छेद काढून वाचा. ते म्हणतात, चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्याय्य दिसते, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाची वाढच झालेली नाही त्यांना काही शिष्यवृत्त्या मिळतील अशी व्यवस्था करा. मॅट्रिकची पुस्तके मद्रास आणि बंगालप्रमाणे सरकारी गॅझेटात जाहीर करा, म्हणजे घरी अभ्यास करणाऱ्याला कळतील. खासगी विद्यार्थ्यांना मॅट्रिकला बसू देता तसे वरच्या परीक्षांनाही बसू द्या. नियमाचा हेतू एक आणि परिणाम दुसरा हे ओळखणे, शेजारच्या प्रांतांशी तुलना, आणि उद्या सकाळी अमलात आणता येईल अशी शिफारस. हातात आकडेवारीची यंत्रणा नसताना केलेले हे काम आजच्या कोणत्याही धोरण-टिपणापुढे ठेवावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४-४५ मध्ये सुरू झाली, ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. मधे साठ-बासष्ट वर्षे गेली. म्हणून ‘गेल्या तीन वर्षांतले काम’ अशी अट तुमच्या जाहिरातीत असेल तर ती काढा. निदान पाच वर्षे जुने काम मागवा. ताज्या कामाचे फक्त उद्घाटन झालेले असते.

आणि जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव होता, भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची घडीही त्यांनीच बसवली. त्यांच्या कामातले मला सर्वांत थोर वाटते ते हे: आयोगाच्या अहवालानंतर दीड दशकाने त्यांनी स्वतःच त्याचा हिशोब मांडला. कोणत्या शिफारशी उचलल्या गेल्या, कोणत्या पडून राहिल्या, आणि त्यात आयोगाचे स्वतःचे काय चुकले. आपल्याच अहवालाची उलटतपासणी करणारा लेखक मला त्यानंतर फारसा भेटला नाही. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना घाला, ‘तुमच्या कामात काय फसले?’ आणि त्याला सर्वांत जास्त गुण ठेवा. कोरा सोडणाऱ्यांचा गठ्ठा वेगळा करा. माझा अंदाज, ४३ पैकी ३० त्यात जातील आणि तुमचा एक शनिवार वाचेल.

समितीविषयी थोडेच. आपले विद्यापीठीय जग लहान आहे. कोण कोणाचा गाईड, कोण कोणाच्या व्हायवाला बाहेरून आला होता, हे पहिल्या बैठकीत उघड लिहून घ्या. ज्याचा संबंध असेल त्याने त्या अर्जाच्या वेळी खोलीबाहेर बसायचे, चहा प्यायला, नाराज न होता. शिफारसपत्रे वाचण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे वाईट शिफारसपत्र लिहिण्याची रीत नाही. त्याऐवजी शिफारस करणाऱ्याला फोनवर एकच विचारा: हे तुम्ही तुमच्या कॉलेजात सुरू केले का? समितीत एक असा सदस्य घ्या ज्याने कॉलेज अर्धवट सोडले होते. मुक्त विद्यापीठात असे कितीतरी भेटतील. तो जे प्रश्न विचारतो ते आम्हा प्राध्यापकांना सुचत नाहीत. आणि शेवटच्या पाच-सहा नावांपैकी अंमलबजावणीच्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी न कळवता जाऊन या. स्वागत समिती नको, फेटा नको. शिष्यवृत्तीच्या खिडकीसमोर अर्धा तास उभे राहा.

इंग्रजीतल्या अहवालांबद्दल माझे एक हट्टी मत आहे, पटले तर घ्या. महाराष्ट्रातल्या कॉलेजांवरचे संशोधन ज्या प्राचार्याने आणि ज्या लिपिकाने वापरायचे, त्यांना वाचता येईल असा मराठी सारांश त्याला जोडलेला नसेल तर मी गुण कापतो.

पुरस्कारात काय द्यायचे, हे तुम्ही विचारले नाही. शाल-श्रीफळ द्या, त्याला माझी हरकत नाही, पण रकमेचा मोठा भाग दुसऱ्या गावी तेच काम बसवण्यासाठी राखा. आणि एखाद्या वर्षी लायक काम नसेल तर पुरस्कार कोणालाही देऊ नका. पहिल्याच वर्षी असे करायला धाडस लागेल, विश्वस्तांनी सभागृहही ठरवले असेल.

आता अधिकाऱ्याचा प्रश्न. पदावर असताना देऊ नका. तो माणूस लायक असेलही, पण त्याच्याकडे तुमच्या संस्थेची फाइल असण्याची शक्यता दाट, आणि गावात लोक तसेच वाचणार. शिवाय त्याच्या कामाची परीक्षा अजून व्हायचीच असते. राज्यात बदलीची साधारण मुदत तीन वर्षांची. बदली झाल्यावर दोन वर्षे थांबा आणि मग त्या कार्यालयात जाऊन बघा, त्याने लावलेली पद्धत नवीन साहेबांच्या काळात चालू आहे की रजिस्टर कपाटात गेले. चालू असेल तर त्याला जरूर द्या, आणि जे आजही ती चालवतात त्यांची नावे मानपत्रात त्याच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा.

वहीवाल्या त्या बाईंना कधीच कोणता पुरस्कार मिळाला नाही, कारण त्यांनी कधी अर्जच केला नव्हता. आपण करतो ते ‘धोरणाची अंमलबजावणी’ आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तुमच्या ४३ अर्जांत एखादा लिपिक, ग्रंथपाल किंवा वसतिगृहाचा रेक्टर आहे का ते आधी बघा. नसेल तर मुदत पंधरा दिवस वाढवा आणि जाहिरातीत दोन ओळी घाला: दुसऱ्याने सुचवलेले नाव चालेल, आणि अर्ज हाताने लिहिलेला असला तरी चालेल.